चौथ्या कागदावरची सही

"जयंती, फुलबॅकशी लग्न करतेस ते कर, पण एक ऐक," मालनताई म्हणाल्या होत्या. "ह्या लोकांचं म्हातारपण पस्तिशीला येतं. आणि ते आलंय हे त्यांना सोडून अख्ख्या ऑफिसला कळतं. मग सांगायचं कुणी? बायकोनं."

मी हसले. तेवीस वर्षांची होते, अर्थशास्त्र घेऊन बी.ए. सेकंड क्लास. सेकंड क्लासवाल्यांना सगळं आधीच माहीत असतं. शिवाय मालनताई डिस्पॅच सेक्शनमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसून दिवसभर पाकिटांवर पत्ते लिहायच्या. हॉकीतलं त्यांना काय कळणार!

सहदेवही त्याच सेक्शनमध्ये होता, म्हणजे मस्टरवर होता. भांडुपच्या त्या रंगाच्या कंपनीनं त्याला खेळाडू म्हणून घेतलं होतं. सकाळी नऊला सही, साडेनऊला चहा आणि दहाला मैदान. त्याच्या टेबलाला तीन खण होते. चौदा वर्षांत त्यानं एकच उघडला, कारण त्यात बुटांचं पॉलिश होतं. पण मैदानावर त्याचं नाव निघालं की समोरचे फॉरवर्ड पाणी प्यायचे. "पटेल त्याला भिंत, न पटेल त्यानं डोकं आपटून बघावं," असं त्यांचा गोलकीपर भीमराज म्हणायचा. मी त्या भिंतीशी लग्न केलं, मुलुंडला दोन खोल्यांत आले आणि क्षमा झाल्यावर नोकरी सोडून घरी बसले.

घरी बसलेल्या बाईला फार दिसतं. सहदेव क्षमाला जमिनीवरून उचलायचा ना, तेव्हा आधी उजवा पाय वाकायचा, डावा मागे काठीसारखा ताठ. मग एक हात पलंगाच्या कडेला. मग चेहऱ्यावर हसू, आम्हाला दाखवायला. सकाळी मीच त्याच्या गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळायची, पँटखाली दिसणार नाही असं. कंपनीच्या डॉक्टरला कळलं तर फाइलवर येईल म्हणून.

"गुडघो दुखता तर खेळूक कित्याक जातंस?" सासूबाई विचारायच्या.

"दुखत नाही गं आई, आवळतो नुसता."

मैदानावर म्हणे तो आता 'गेम वाचायचा'. वाचायला सवड भरपूर होती, कारण खेळ त्याच्या बाजूनं केव्हाच निघून गेलेला असायचा. एशियाडच्या फायनलला आपण सात गोल खाल्ले तेव्हा इमारतीतला प्रत्येक माणूस हॉकीतज्ज्ञ झाला होता. "तुम्ही असतात तर निदान पाचच झाले असते," असं एकानं जिन्यात सहदेवला कौतुकानं सांगितलं. मग त्र्याऐंशीच्या जूनमध्ये आपण क्रिकेटचा वर्ल्डकप जिंकलो आणि आमच्या घराला सुतक लागलं. जिन्यातले लोक आता विचारायचे, "सहदेवराव, तुम्ही फिल्डिंग कुठे करता?"

त्याच सुमारास नंदकुमारसाहेब घरी आले. हे कंपनीचे स्पोर्ट्स ऑफिसर. स्वतः खेळायचे ते कॅरम, तेही पावडर जास्त टाकून. सहदेव सरावाला गेलेला. साहेबांनी पोहे खाल्ले, क्षमाचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून सांगतो. सोमवारी नव्या सीझनची यादी लागणार. त्याआधी त्यानं स्वतःहून थांबतो असं लिहून दिलं तर ज्युनिअर टीमचा कोच म्हणून मी त्याला बसवतो. जागा आहे. पण यादी लागली आणि तीत नाव नसलं, तर तो नुसता क्लार्क. आणि नुसत्या क्लार्कला सध्या तारापूरच्या गोदामात पाठवतायत."

"नाव नसणार का?"

साहेबांनी बशीतली शेवटची शेव बोटानं टिपली. "पोहे फार छान झालेत."

मी त्या संध्याकाळी सहदेवला सगळं सांगितलं. चौघांत मी त्याला 'अहो' म्हणते, दार लावलं की 'अरे'.

"अरे, कोच हो ना. काय वाईट आहे त्यात?"

"कोच कोण होतो माहितीय? ज्याला खेळता येत नाही तो."

"आणि तारापूरला कोण जातो?"

"मी नाही जात. यादीत नाव असेल माझं. अजून दोन सीझन आहेत गं माझ्यात, गॅरंटी."

"क्षमाला उचलताना दिसतात मला ते दोन सीझन."

तो उठून गॅलरीत गेला. उठताना कडेला हात लावायचा नाही असं ठरवून उठला, म्हणून दोनदा उठावं लागलं.

आता आमच्या घरातली एक पद्धत सांगायला हवी. कंपनीचे सगळे अर्ज इंग्रजीत, आणि सहदेवचं इंग्रजी मॅट्रिकपाशी थांबलेलं. त्यामुळे रजा, किट, प्रवास, सगळ्या अर्जांचा मजकूर माझा आणि सही त्याची. लग्नाआधीपासून. आमचं प्रेमच मुळात एका कॅज्युअल लीव्हच्या अर्जावर जमलं. तो वाचायचा नाही. "कुठे?" विचारायचा, मी बोट ठेवायची, तो सही करायचा. बायकोवर इतका विश्वास म्हणून बायका माझा हेवा करायच्या.

गुरुवारी तीन अर्ज होते. मी चार लिहिले.

"कुठे?"

"इथे. इथे. इथे. आणि इथे."

शुक्रवारी क्षमाला कडेवर घेऊन मी चौथा कागद नंदकुमारसाहेबांना नेऊन दिला. म्हटलं, यादी सोमवारी, रविवारी मी त्याला निवांत सांगेन. आधी चिडेल, मग जेवेल, मग पटेल. शिकलेल्या बाईची योजना होती. त्याच कंपनीत चार वर्षं काम करून मी एवढंच विसरले, की तिथून शिपाई जरी दुसऱ्या मजल्यावर बदलून गेला तरी शाल-श्रीफळ दिल्याशिवाय त्याला जिना चढू देत नाहीत.

शनिवारी घाटकोपरला सामना होता. मी मुलीला घेऊन बाकावर बसले होते. दोन्ही टीम मैदानात उतरल्या आणि माइक खरखरला. "आज आपला शेवटचा सामना खेळणारे, आपल्या कंपनीचे आधारस्तंभ..." नंदकुमारसाहेबांचा आवाज भरून आला. त्यांना तो कधीही भरून आणता यायचा. सहदेव बाकीच्यांसारखाच मान वळवून बघायला लागला, कोण थांबतंय ते. टाळ्यासुद्धा वाजवल्या त्यानं, दोन-तीन.

मग त्याच्याच खांद्यावर शाल पडली.

भीमराजनं त्याला मिठी मारली. "काय यार, मला पण नाही सांगितलंस?"

सहदेव हातात नारळ घेऊन उभा राहिला आणि मैदानापलीकडून त्यानं माझ्याकडे बघितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी क्षमाचं टोपडं नीट केलं. ते नीटच होतं.

मला वाटलं होतं, आज तरी पडेल, हुकेल, म्हणजे मी केलं ते बरोबर ठरेल. हो, बायको असून वाटलं. पण हा माणूस त्या दिवशी असा खेळला की वाट लागली माझ्या योजनेची. वीस वर्षांच्या पोरांच्या स्टिकवरून तीनदा बॉल काढून घेतला. शेवटच्या पाच मिनिटांत आमच्यावर पेनल्टी कॉर्नर पडला, तेव्हा गोललाइनवरून सरळ बॉलच्या तोंडावर धावला आणि बॉल डाव्या गुडघ्यावर झेलला. सामना जिंकला. माझ्या मागचा माणूस म्हणाला, "अरे, हा कशाला थांबतोय? डोकं फिरलंय का ह्याचं?"

रविवारी सकाळी त्याला पलंगावरून उठता येईना. मी बँडेज घेऊन गेले.

"ठेव तिथे. मी बांधतो."

"सहदेव, ऐक ना. तारापूर..."

"चार कागद होते ना गं गुरुवारी?"

"हो."

"वाचायला पाहिजे होते मी." एवढंच. मग त्यानं पेपर मागितला.

सोमवारी यादी लागली. साहेबांनी शब्द पाळला, कोचची जागा मिळाली. आम्ही मुलुंडलाच आहोत. म्हणजे सगळं झकास झालं, कुणालाही विचारा. सासूबाई मला शहाणी म्हणतात. सहदेव भाजीत मीठ कमी असलं तर सांगतो, क्षमाला दात आला तर दाखवतो. अर्ज मात्र आता स्वतः लिहितो. शब्दकोश मांडीवर, एका रजेला दोन तास. शेवटी सही करण्याआधी बोट ठेवून पहिल्यापासून वाचतो, मोठ्यानं, मी स्वयंपाकघरात असताना.

बँडेजला तो मला हात लावू देत नाही. बांधतो की नाही तेही कळत नाही. पहाटे साडेपाचला निघतो, लांब पँट घालून. क्षमाला हल्ली तो उचलत नाही, तीच चालत त्याच्याकडे जाते. त्यामुळे घरात बघून मला काही सांगता येत नाही.

तुमच्यापैकी कुणी सकाळी भांडुपच्या कंपनीच्या मैदानाकडून जात असाल, तर एक करा. तारेच्या कुंपणापाशी दोन मिनिटं थांबा. पोरांच्या मध्ये एक उंच माणूस असेल, गळ्यात शिट्टी. तो डाव्या पायावर भार टाकतो का, तेवढं बघा. आणि पोरं त्याचं ऐकतात का तेही. मला मुलुंडच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलंत तरी चालेल. त्याला मात्र काही विचारू नका. मी सांगितलंय म्हणून तर मुळीच नको.