टेलरकाकूंची बहीण

“सावकाश, काकू, सावकाश! थांबलोय मी! पडाल-बिडाल!”

बसचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. मागच्या खिडक्यांतूनही डोकी निघाली होती. कारखान्याच्या लांबलचक भिंतीच्या कडेने टेलरकाकू काखेत कापडी पिशवी मारून पळत होत्या, आणि अख्खी बस त्यांच्यासाठी दार उघडं टाकून उभी होती. थांबायला सांगितलं होतं कोणी तिला? पण आता करता काय! ‘बाबा रे, मला कुठंच जायचं नाही, मी नुसती पळतेय,’ असं साठीला टेकलेल्या, अंगाने चांगल्या भरलेल्या बाईने सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

काकू निमूटपणे बसमध्ये चढल्या.

“कुठलं देऊ?” कंडक्टरने विचारलं.

काकूंच्या तोंडून शब्द फुटेना. छाती भात्यासारखी चालली होती. त्यांनी बोटाने पुढे दाखवलं.

“पुढचा स्टॉप? अहो, एका स्टॉपसाठी एवढं धावलात?”

“घाई आहे,” काकू कशाबशा म्हणाल्या.

“कोणी आजारी आहे का, बाई?” शेजारच्या सीटवरून लसूणवालीने विचारलं. बाजारात लसूण विकायला बसणारी म्हातारी ती. पायांत टोपली, नाकावर जाड भिंगाचा चष्मा, आणि चेहऱ्यावर खरीखुरी काळजी. त्या काळजीपुढे काकूंचं डोकंच चालेना.

“बहीण,” काकू म्हणाल्या.

काकूंना बहीण नव्हती. भाऊ होते तीन, आणि तिघेही ठणठणीत.

पुढच्या स्टॉपला उतरून त्या चालत घरी आल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पिशवी घेतली होती ती लोकांनी काही विचारू नये म्हणून. पिशवी असली की पळणाऱ्या बाईला कारण असतं. गिऱ्हाईकाचा कपडा पोचवायचा असेल, उशीर झाला असेल, असं म्हणून लोक सोडून देतात. रिकाम्या हाताने पळणारी म्हातारी मात्र वेडीच ठरते. म्हणून काकूंनी पिशवीत अस्तराच्या चिंध्या कोंबल्या होत्या. वजनाला हलक्या आणि दिसायला कामाच्या.

आता या वयात हे खूळ काकूंच्या डोक्यात शिरलं कशाने?

काकूंची नात बालवाडीत जायची. नाव चांगलं लांबलचक होतं, पण सगळे तिला चिमणी म्हणायचे. सून दातांच्या दवाखान्यात नोकरीला, मुलगा कामावर, तेव्हा दुपारी चिमणीला आणायचं काम आजीचं. घरी आल्यावर चिमणी शिलाई मशिनशेजारी छोट्या स्टुलावर बसायची आणि बटणं रंगाप्रमाणे वेगळी करायची. काकू मशीन मारायच्या, चिमणी बडबडायची. त्या दोन-तीन तासांसाठीच काकूंची सकाळ उजाडायची म्हटलं तरी चालेल.

एके दिवशी येताना चिमणीला रस्त्यापलीकडे कुत्र्याचं पिल्लू दिसलं. तिने हात सोडवून घेतला आणि सुटली. काकू ओरडल्या आणि धावल्या. आठ-दहा पावलं धावल्या असतील, तोच कुशीत कळ आली, दम संपला, आणि काकू थांबल्या. कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. समोरून ट्रक येत होता. कोपऱ्यावर किल्ल्या बनवणारा बसायचा, त्याने स्टुलावरून उडी मारून पोरीला कॉलरला धरून मागे ओढली. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.

पोर वाचली. खरचटलंसुद्धा नाही. पण काकू त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारख्या झाल्या. पडल्या असत्या तर बरं होतं. गुडघे फुटले असते, दाखवायला काहीतरी असतं. त्या पडल्या नव्हत्या, थांबल्या होत्या. नात पळत होती आणि आजी थांबली होती.

किल्लीवाल्याने संध्याकाळी सुनेला सगळं सांगितलं. वाईट मनाने नाही, चांगल्याच मनाने. “वय झालं हो तुमच्या सासूबाईंचं. बिचाऱ्या कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या.”

सुनेने आरडाओरडा केला असता तर काकूंनीही चार शब्द सुनावले असते आणि मोकळं झालं असतं. पण सून एकदम मऊ आवाजात म्हणाली, “आई, उद्यापासून तिला पाळणाघराची बाईच बालवाडीतून घेऊन जाईल. संध्याकाळी मी आणीन. तुम्हाला कशाला ती दगदग!”

“बरोबर आहे,” मुलगा ताटातून मान वर न करता म्हणाला.

काकूंना बोलायला तोंड होतं कुठं?

दुपारी घर खायला उठायचं. स्टूल तिथंच, बटणांचा डबाही तिथंच. एका दुपारी काकूंनी दार लावून घेतलं, गळ्यातली टेप काढली आणि स्वतःच्या कमरेभोवती गुंडाळली. आयुष्यभर लोकांच्या कमरा मोजल्या, ‘जरा सुटलात हं’ म्हणून गिऱ्हाइकांना चिडवलं, स्वतःचं माप काही कधी घेतलं नव्हतं. आकडा बघून त्यांनी टेप झटकली, पुन्हा मोजलं. टेप तीच, कंबर तीच. मग काळ्या अस्तराच्या उरलेल्या कापडाची एक ढगळ पँट शिवली. झग्याखाली घातली की दिसायची नाही. मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट काढले, पुढे चिंध्या भरल्या. घरी सांगितलं, एका गिऱ्हाईकबाईला सकाळीच वेळ असतो, तिच्याकडे जाते.

पहिल्या दिवशी विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावतानाच डोळ्यांपुढे काजवे चमकले. सायकलवरचा दूधवाला ओरडला, “काय काकू, कोण लागलंय मागे?” आणि हसत पुढे गेला. काकू कारखान्याच्या गेटाआड जाऊन रडल्या. इतकी लाज त्यांना नवरा गेल्यावर लोकांचे जुने कपडे उसवून शिवण शिकताना वाटली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेल्या.

आणि मग ती बस थांबली.

एकदा थांबली ती थांबली. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर भिंतीच्या टोकाशीच वाट बघत उभा! रस्ता बदलावा तर एका रस्त्याला कुत्री, दुसऱ्याला ओळखीची माणसं. वेळ बदलावी तर घर जागं होण्याआधी परत येऊन कपडे बदलायला हवेत. काकू रोज भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायच्या, बसमध्ये चढायच्या, एक स्टॉप बसायच्या आणि चालत घरी यायच्या. बसमधले लोक रोजचेच.

“बहिणीला झालंय काय पण?” लसूणवालीने विचारलं.

“पाय,” काकू म्हणाल्या. निदान तेवढं तरी अर्धं खरं होतं. “पाय चालत नाहीत.”

“अगं बाई! आणि तिचं करायला कोणी नाही?”

“मीच आहे.”

“पुण्य लागेल तुम्हाला, काकू,” ड्रायव्हर पुढून म्हणाला. “अशी बहीण सगळ्यांना मिळो.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं काकूंना झालं. पुढच्या आठवड्यात लसूणवालीने टोपलीतून एक बाटली काढली. लसूण घालून कढवलेलं तेल. “रोज चोळा बहिणीच्या पायाला. माझ्या हातचं आहे. पैसे काढलेत तर बघा!”

काकूंनी ते तेल स्वतःच्या गुडघ्यांना चोळलं. दुसरं कोणाला चोळणार? गुणही आला. पण मशिनवरच्या प्रत्येक कपड्याला लसणाचा वास यायला लागला. एका बाईने शिवलेला झगा नाकाशी धरून परत केला. सूनही एकदा म्हणाली, “आई, घरात कसला वास येतोय हो हल्ली?”

“खालच्या मजल्यावर काहीतरी शिजत असेल,” काकूंनी ठोकून दिलं. त्या तळमजल्यावरच राहत होत्या, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

बहिणीचे पाय बसमध्ये हळूहळू सुधारत होते. भिंत संपेपर्यंत काकूंचा दम टिकायला लागला होता. कळ मात्र कुशीत रोज यायची. त्याच जागी यायची, आणि रोज काकूंना तो ट्रक दिसायचा.

त्या दिवशी बस नेहमीसारखी उभी होती. काकू निम्म्या भिंतीपर्यंत आल्या असतील, तेवढ्यात एका खिडकीतून छोटासा हात बाहेर आला.

“आजी! आई, बघ, आजी पळतेय!”

सुनेची स्कूटर सकाळीच रुसली होती, काकू बाहेर पडल्यावर दवाखान्यातून लवकर बोलावणं आलं होतं, म्हणून चिमणीला पाळणाघरात सोडायला ती या बसने निघाली होती. हे काकूंना नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की मागे फिरायची सोय नाही.

त्या चढल्या. घामाने झगा पाठीला चिकटला होता, खालची काळी पँट गुडघ्यापर्यंत दिसत होती.

“तुमच्या घरातल्याच का या?” ड्रायव्हरने मागे वळून सुनेला विचारलं. “रोज थांबतो आम्ही त्यांच्यासाठी. बहिणीचं फार करतात हो.”

“काय म्हणतेय बहीण?” लसूणवाली म्हणाली. “माझ्या लसणाच्या तेलाने पाय उचलते का आता?”

काकू दांडीला धरून उभ्या राहिल्या.

“आजीला बहीण नाहीये!” चिमणी मोठ्याने म्हणाली.

लसूणवालीने चष्मा नीट केला. सून सासूकडे बघत होती. आधी बुटांकडे, मग पिशवीकडे. पिशवीतून अस्तराची एक लांब पट्टी लोंबत होती. काकूंनी डोळे मिटून घेतले. आता सगळ्या बसला कळणार, घरी मुलाला कळणार, आणि सून पुन्हा त्या मऊ आवाजात म्हणणार, ‘आई, कशाला ती दगदग.’

“आहे गं,” सून म्हणाली. “चुलत बहीण आहे. तू नाही पाहिलीस.” मग लसूणवालीकडे वळून म्हणाली, “बरी आहे आता, मावशी. तुमच्या तेलाने बराच फरक पडलाय. वासच सांगतो.”

“बघा! मी म्हणाले नव्हते?” लसूणवालीचा चेहरा फुलला.

काकूंचा स्टॉप आला. चिमणी सीटवरून खाली उतरली. “मी पण आजीबरोबर!”

सुनेने तिचा हात सोडला नाही. काकूही मागायला धजल्या नाहीत. “जा बाळा, आईबरोबर जा,” म्हणाल्या आणि उतरल्या.

तो दिवस काकूंनी कसा काढला त्यांचं त्यांना माहीत. एका शर्टाला बाही उलटी लावली, उसवली, पुन्हा उलटीच लावली. सुनेने लोकांत लाज राखली, हे खरं. पण घरी येऊन ती काय म्हणेल? आणि म्हणाली तर तिचं चुकतं कुठं? पोर तिची आहे.

संध्याकाळी सून चिमणीला घेऊन आली, पण आत आली नाही.

“आई, मागच्या अंगणात येता का जरा?”

अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्या होत्या, टोकाला पाण्याची टाकी. चारी बाजूंच्या खिडक्यांत माणसं. सुनेने चिमणीचा हात सोडला.

“चिमणे, टाकीपर्यंत पळायचं. आजी तुला पकडणार. जोरात पळ हं, मुद्दाम हळू नाही पळायचं.”

“अगं, सगळे बघतायत,” काकू पुटपुटल्या. हातात पिशवीसुद्धा नव्हती.

“बघू देत,” सून म्हणाली. तिचा आवाज मऊ नव्हता.

चिमणी सुटली. काकू तिच्यामागे सुटल्या. खिडकीतून कोणीतरी हसलं. पहिल्या दोरीपाशी दम लागला, दुसऱ्या दोरीपाशी कुशीत कळ आली, नेमकी तिथंच, तशीच. ओला टॉवेल तोंडावर आपटला. टाकी जवळ आली होती, चिमणी हसत हसत टाकीला वळसा घालून पुढे निघाली होती. काकूंना दिसेनासं झालं, कुशीत कोणी सुई खुपसतंय असं वाटलं, तरी त्या पळत राहिल्या. हात पुढे टाकला. फ्रॉकची झालर मुठीत आली आणि टर्रकन उसवली. काकूंनी मूठ सोडली नाही.

चिमणी खिदळत खाली बसली. काकूही तिच्याशेजारी बसल्या. सून सावकाश चालत आली. सासूला धाप लागली होती, ती ओसरेपर्यंत तिने वाट बघितली. मग वाकून फ्रॉककडे बघितलं.

“उसवली.”

“देते शिवून,” काकू म्हणाल्या. “माझीच शिवण आहे.”

“हं.” सून दोरीवरचा टॉवेल उगीचच सरळ करत राहिली. काकूंकडे न बघता म्हणाली, “तुमच्या त्या बहिणीला सांगा, बालवाडी साडेबाराला सुटते. जरा आधीच जाऊन उभी राहा म्हणावं.”

काकूंनी मान हलवली.

“आजी, सोड ना आता,” चिमणी म्हणाली.

“सोडते हं,” काकू म्हणाल्या. सून आत दिवे लावायला गेली, खिडक्यांतली माणसं एकेक करून दिसेनाशी झाली, तरी झालर त्यांच्या मुठीतच होती.