तीनवरचा करंट

रंगारी अण्णांनी जन्मभर शिडीवर चढून लोकांच्या भिंती रंगवल्या, आणि आता स्वतःच्या घरातल्या एकाच भिंतीकडे टक लावून बसायची पाळी त्यांच्यावर आली होती. हृदय थकलं होतं. घोटे सुजायचे, चार पावलांत दम लागायचा. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टचा पत्ता नाही. पाच महिन्यांत ते खाली उतरले नव्हते. पलंग, संडास आणि खिडकीजवळची खुर्ची, एवढंच त्यांचं राज्य.

व्यायाम झेपत नाही म्हणून डॉक्टरांनी करंटचं यंत्र सुचवलं. ते घेऊन फिजिओथेरपिस्ट बाई घरी आल्या आणि अण्णांनी लगेच त्यांचं बारसं केलं: करंटबाई. बाईंनी मांड्यांवर, पोटऱ्यांवर चिकट पट्ट्या लावल्या, वायरी जोडल्या आणि बटण हळूहळू फिरवलं. आधी मुंग्या आल्या. मग मांडी आपली आपणच घट्ट झाली, सैल पडली, पुन्हा घट्ट झाली.

"अहो, हा पाय माझाच ना? मालकाला न विचारता नाचतोय!"

"नाचू द्या," करंटबाई म्हणाल्या. "हृदयाला फार न दमवता पायांना काम मिळतं. रोज तासभर, बटण सातवर. स्नायू उचललेला डोळ्यांना दिसला पाहिजे. नुसत्या मुंग्यांनी काही होत नाही. सहा आठवड्यांनी चालून बघू."

घरात आणखी एकच माणूस, अण्णांची मुलगी. चाळिशीला टेकली तरी त्यांच्यासाठी ठकीच. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. मालक दुसऱ्या शहरात नवं दुकान काढत होता आणि ते ठकीनं सांभाळावं म्हणून मागे लागला होता. "अण्णा पायांवर उभे राहिले की येते," असं तिनं त्याला फोनवर सांगितलेलं अण्णांनी ऐकलं. ते वाक्य त्यांच्या डोक्यात घर करून बसलं. पाय बरे झाले, की पोर गेली.

मग रोज सकाळी ठकी पट्ट्या लावायची, बटण सातवर ठेवायची आणि स्वयंपाकघरात वळायची. तिची पाठ फिरली की अण्णा बटण तीनवर आणायचे. तासभर नुसत्या मुंग्या. तास संपत आला की पुन्हा सातवर. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, तिच्या चपलांचा आवाज आला तरी त्यांचा हात बटणाकडे धावायचा.

सहा आठवडे झाले. करंटबाईंनी दाराबाहेरच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या ठेवल्या आणि हातात घड्याळ घेऊन अण्णांना सहा मिनिटं फेऱ्या मारायला लावल्या. अण्णा तीनदा थांबले. मांडीचा घेर टेपनं मोजला, तोही जैसे थे.

"काहींना लागू पडत नाही," बाई ठकीला हळूच म्हणाल्या.

दुपारी ठकीनं स्वयंपाकघरातून मालकाला फोन लावला. "नाही जमायचं मला. दुसरं कुणी बघा."

अण्णांना हायसं वाटलं. पण ठकी बाहेर आली आणि कोरडेच हात टॉवेलला पुसत राहिली, किती तरी वेळ. मग खिडकीशी जाऊन उभी राहिली. रात्री अण्णांनी ताट अर्ध्यावरच बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवसापासून बटण सातवरून हललं नाही. मांड्या अशा आवळायच्या की अण्णा पलंगाची कड धरून ठेवायचे. दोन महिन्यांनी त्याच व्हरांड्यात ते न थांबता सहा मिनिटं चालले. करंटबाईंनी दोनदा मोजलं आणि हसल्या. "उशिरा का होईना, पाय ऐकायला लागले!"

त्या रविवारी अण्णा कठडा धरून एक मजला उतरले आणि पायरीवर टेकले. शेजारी ठकी बसली.

"ठके, तुझं नुकसान मी केलं," ते म्हणाले. "सहा आठवडे बटण तीनवर ठेवत होतो."

"माहीत आहे."

"काय?"

"स्वयंपाकघराच्या दारातून दिसतं, अण्णा. मांडी हलतच नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

ठकीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बोलले असते तर जावं लागलं असतं. तिकडे एकटीनं दुकान चालवायचं, माणसं सांभाळायची... मला धडकी भरली होती. तुमचे पाय आडवे आले आणि मी सुटले."

"आणि आता?"

"आता ते दुकान चालू झालंय. तिथं दुसरी बाई बसते. रोज वाटतं, तेव्हा ओरडून बटण फिरवायला हवं होतं."

अण्णांना राग आला, पण तो कुणाचा ते ठरेना. खालच्या दोन मजल्यांच्या पायऱ्या समोर होत्या, तळाशी रस्त्याचा उजेड दिसत होता.

"उतरायचं आणखी?" ठकीनं विचारलं.

अण्णांनी बराच वेळ खाली बघितलं. "चल वर," ते म्हणाले.

चढताना ते दोनदाच थांबले. घरात आल्यावर ठकीनं दाराला कडी घातली आणि पट्ट्यांचा डबा काढला.