बाईंच्या मापाची काठी

मी एक जुनी काठी आहे. दाराआडच्या कोपऱ्यात उभी असते. माझ्या अंगावर एक उभी चीर आहे. मित्रांनो, ती चीर कशी पडली, एवढेच मला तुम्हांस निवेदन करावयाचे आहे.

माझा जन्म एका मोडक्या वल्ह्यातून झाला. माझे धनी होड्या बांधणारे सुतार. त्यांच्या पत्नीचा गुडघा अधू झाला, तेव्हा त्यांनी ते वल्हे तासले, बाईंच्या उंचीबरहुकूम मला कापले आणि जवसाचे तेल पाजले. पुढे दरवर्षी ते न चुकता मला तेल देत. "लाकूड तहानलं की तडकतं," असे ते म्हणत.

रोज सायंकाळी दोघे धक्क्यावर फिरावयास जात. जहाजांचे दोर बांधण्याचे बारा लोखंडी खुंटे तेथे ओळीने उभे आहेत. बाई सावकाश चालत आणि प्रत्येक खुंट्यावर मला टकटक वाजवीत.

धनी म्हणत, "अगं, दार कोण उघडणार आहे?"

"तुम्हाला काय करायचंय? तुम्ही व्हा पुढे."

परंतु धनी कधीही पुढे गेले नाहीत.

यथावकाश बाई वारल्या. माझ्या मुठीवर त्यांच्या तळहाताचा काळसर डाग तेवढा उरला. धनी मला घेऊन एकटेच फिरू लागले. मी त्यांना आखूड पडे, म्हणून ते वाकून चालत. धक्क्यावर गळ टाकून बसणारा एक गृहस्थ म्हणे, "काका, काठीला वाढीचं औषध द्या, नाहीतर स्वतःला तरी थोडं तासून घ्या." धनी हसत.

मात्र तेलाची बाटली त्यांनी पुन्हा उघडली नाही. फडक्याने तो डाग पुसला जाईल, ही त्यांस भीती. ज्यांनी परक्याच्या होडीतील केसाएवढी चीर कधी सोडली नाही, ते माझ्या अंगावरील चीर दिसताच नजर फिरवीत. चार वर्षे मी तहानलेली राहिले.

अशातच धनी एकदा जिन्यात पडले. सोबत राहणाऱ्या मुलीने बजावले, "बाबा, पुन्हा पडलात तर फिरणं बंद. तिकडे कामावर माझा जीव टांगणीला लागतो."

पुढे एके दिवशी आभाळ खाली उतरले होते. पाणी शिशाच्या रंगाचे दिसत होते. मुलीला सुटी असल्याने तीही सोबत आली.

"आज नको, बाबा. सगळं ओलं आहे."

"सावकाश जाऊ. घाई कोणाला आहे?"

धनी खुंटे वाजवीत चालले. मुलीची नजर माझ्यावर गेली. "ही चिरत चाललीय. तेल का लावत नाही तुम्ही?"

"लावू."

"चार वर्षं हेच ऐकतेय."

"तुझ्या आईचा हात आहे गं तिच्यावर," धनी हळूच म्हणाले.

सातव्या खुंट्यापाशी धन्यांनी माझ्यावर भार टाकला आणि मी तडकले. ते गुडघ्यावर आदळले. गळवाला गृहस्थ धावत आला. त्याने या खेपेस थट्टा केली नाही. मुलगीही रागावली नाही. तिने धन्यांना उठविले आणि ती म्हणाली, "चला घरी."

"अजून पाच राहिलेत."

"राहू देत, बाबा."

फिरणे तेव्हापासून बंद झाले.

काही दिवसांनी धन्यांनी माझी चीर सुतळीने आवळली आणि बाटली उघडली. प्रथम त्यांनी मूठ सोडून सर्वांगास तेल लावले. मग मुठीसही लावले. डाग गेला नाही. उलट अधिकच गडद होऊन वर आला. धनी कितीतरी वेळ त्याकडे पाहत राहिले.

"एवढंच होतं होय," ते म्हणाले.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू तुमच्या घरी असेल, तर तिला नुसती जपून ठेवू नका. तिची निगा राखा. तुमच्या निगेने त्या माणसाचा हात पुसला जात नाही, हे मी अनुभवाने सांगते.

अद्यापही सायंकाळ झाली की धनी मला हाती घेतात आणि दाराच्या चौकटीवर टकटक वाजवितात. मुलगी आतून म्हणते, "बाबा, दार उघडंच आहे."

धनी मात्र उंबरठा ओलांडीत नाहीत.