चिठ्ठ्यांचा तास

"वही तिला देऊ नकोस," ताईने फोनवर बजावलं होतं. "निदान झेरॉक्स दे."

"पहिल्या तासाचं टिपण ते, दागिना आहे का!" असं हसण्यावारी नेऊन मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. वही त्यांच्या जागी आलेल्या बदली बाईच्या हाती.

वर्षाने परतल्या, तर बदली बाई कायम झालेली. अ तुकडी मॅडमना, ब तिला. कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये दोघी पहिला तास आखत बसल्या. बाळ झोपलं का, हे सासूबाईंना तिसऱ्यांदा विचारून मॅडमनी फोन ठेवला, तोच बदली बाई म्हणाली, "मी बाई पहिल्या दिवशी चिठ्ठ्याच लिहून घेते. संख्याशास्त्रात कशाची धास्ती वाटते ते, बिननावाचं. मुलं काय खूश होतात, मॅडम!"

मी म्हणे! मॅडमच्या अंगाचा तिळपापड झाला. चिठ्ठ्यांची युक्ती यांच्या वहीतली, दारात उभं राहून एकेकाचा चेहरा बघत त्या गोळा करणंही यांचंच. आता पुन्हा तेच केलं तर यांनीच तिचं उचललं असं दिसणार.

"छान," त्या म्हणाल्या आणि आपल्या आराखड्यातल्या चिठ्ठ्यांवर काट मारली. अभ्यासक्रम, हजेरीचे नियम, परीक्षेची पद्धत. बस.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून ब तुकडीचा हशा येत होता. इकडे नुसता पंख्याचा आवाज. तास संपल्यावर शेवटच्या बाकावरची बुटकीशी मुलगी टेबलापाशी आली. डाव्या मुठीत घडी केलेला कागद.

"मॅडम, तुम्ही चिठ्ठ्या घेता असं दादा म्हणाला. तो तुमच्याच वर्गात होता. मी घरूनच लिहून आणलीय."

"चिठ्ठ्या पलीकडे. इथे शिकवतात."

शब्द निसटला तो निसटलाच. मुलीने कागद करड्या पिशवीत सारला आणि ती गेली.

आज आठवडा झाला. हजेरीत तिच्या एक्केचाळीस नंबरपुढे रोज गैरहजर. तिने दिलेला फोन नंबर लागत नाही. शेवटी जड जिभेने मॅडमनी बदली बाईला विचारलं, "तुझ्या वर्गात बसते का गं ती?"

"नाही हो."

बसली असती तर बरं झालं असतं. हिच्याकडे का होईना!

तेव्हा वाचणाऱ्यांनो, मॅडमचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. करड्या पिशवीची, डावखुरी, बुटकीशी मुलगी तुमच्या आसपास कॉलेज सोडून घरी बसली असेल, तर जरा डोकावून या. चिठ्ठी अजून पिशवीत आहे का, विचारा. म्हणावं, मॅडम दारात उभ्या आहेत.