आत धुमसतंय म्हणे

"पाण्यापुढे टिकेल अशी आग या जगात अजून पेटायची आहे!" अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या आबांनी गंभीरपणे जाहीर केलं. न्हाणीघरात, कडी लावून, बादलीला उद्देशून. मग नळाखाली तांब्या भरला आणि घटाघटा रिकामा केला. बाहेर बायको होती. तिला कळलं असतं, तर आग परवडली असती.

झालं होतं असं, की जुन्या मधुमेहानं आबांच्या किडन्या जायबंदी केल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, साखर आटोक्यात आली. पण किडनीत दाह आहे, आत धुमसतंय. तो दाहच शमवणाऱ्या नव्या औषधाची चाचणी चालू आहे. गुण येईलच असं नाही. अंगावरची सूज उतरली तर तुम्हाला त्यात घेते. तोवर पाणी बेताचं."

'धुमसतंय'नंतरचं आबांना ऐकूच आलं नाही. उभी हयात धुमसत्या गोदामांवर पाणी मारण्यात गेलेली. बाईंना औषधातलं कळत असेल, आगीतलं काय कळणार?

पाय फुगले, चपलांत जाईनात. बायको रोज ते पाय मांडीवर घेई, बोटानं दाबून बघे आणि उशीवर ठेवी. तिला वाटे, आपल्याच हातून मीठ जास्त पडतंय. तिनं स्वतःचंही मीठ सोडलं. ती अळणी घास डोळे मिटून गिळताना दिसली, तेव्हा मात्र आबांनी ताट बाजूला सारलं.

"अगं, तुझं मीठ नाही. मी न्हाणीघरात चोरून पाणी पितो."

"कशाला?"

"विझवायला."

तिनं चमचा खाली ठेवला. "अहो, कढईतलं तेल पेटलं तेव्हा मी पाणी आणायला धावले, तर माझ्यावर कोण ओरडलं होतं?"

"मी. पण किडनीत तेल कुठं..."

"कशाची आग आहे ते न बघता पाणी सोडणारा माणूस ठेवला असतात दलात?"

आबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "बदली केली असती."

दुसऱ्या दिवशी न्हाणीघराची कडी गेली. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी आणि बायकोच्या पहाऱ्यानं सूज उतरली, आणि आबा चाचणीत घेतले गेले.

"चाचणीत काहींना मुद्दाम खोटी गोळी देतात. तुमच्या गोळीत औषध आहे की नुसतंच पीठ, हे मलाही कळणार नाही हं, काका," बाई म्हणाल्या.

"म्हणजे बंब निघाला, पण टाकीत पाणी आहे की नाही ठाऊक नाही?"

"अगदी तसंच."

"मग ठीक. आमच्याकडे असंच चालायचं."

आबांनी पहिली गोळी घेतली आणि दोघं दवाखान्याच्या बाकावर बसली. बायकोनं त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "पीठ असो की औषध, मला ते कळत नाही. मला तुम्ही हवे आहात. अजून पुष्कळ दिवस."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सांगायला धुराचं निमित्तही नव्हतं. ते तिच्याकडे पाहत राहिले.

"अगं, एक मागू?"

"मागा ना."

"हात सोड जरा. लघवीला जायचंय."