मुकादमाची गल्ली

आर्मासचा एक नियम होता आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. नगरपालिकेच्या रस्ते खात्यात त्याची एकतीस वर्षं झाली, त्यातली शेवटची बारा मुकादम म्हणून. आणि या बारा हिवाळ्यांत त्याने स्वतःची गल्ली कायम सगळ्यांत शेवटी साफ केली. आधी इस्पितळाचा चढ, मग बसचे रस्ते, शाळा, बाजार, मग बाकीच्या गल्ल्या, आणि सगळं आटोपलं की तळ्याकाठची ती नऊ घरांची गल्ली. मुकादमाच्या दारातला बर्फ आधी निघतो असं कुणी म्हणायला नको, असं त्याचं म्हणणं. कुणी म्हणालंही नाही. बर्फावरून तक्रारी करणं हा या गावाचा हिवाळी धंदाच, फोन घेऊन घेऊन मुकादमाचे कान किटायचे. पण या बाबतीत त्याच्याकडे बोट दाखवायची कुणाची टाप नव्हती.

त्याची बायको हेल्वी मात्र त्याला टोमणे मारायची.

"अरे, एकदा तरी आपली गल्ली पहिली घे. उजाडताना दारात बर्फ काढणारा नांगर आलेला कसा दिसतो ते बघू दे मला."

"तुला कशाला बाहेर यायचंय? अकरापर्यंत येतो ना मी. तोवर कॉफी घे आणि गप घरात बस."

"हो तर. मी आणि माझी कॉफी," ती म्हणायची आणि विषय सोडून द्यायची.

जानेवारीत एका सकाळी बर्फावर पाऊस पडला. याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. गोठलेल्या रस्त्यावर पाणी पडतं, तेही गोठतं आणि अख्खं गाव काचेचं होऊन बसतं. आर्मास, लोक घसरू नयेत म्हणून रस्त्यावर बारीक खडी फेकणारी गाडी घेऊन इस्पितळाच्या चढावर होता. साडेनऊला शेजारच्या लेम्पीचा फोन आला. हेल्वी घराच्या पायऱ्यांवर पडली होती, उठता येत नव्हतं. आर्मासने गाडी हाताखालच्या ताइमीच्या हवाली केली आणि जसा होता तसा धावला. खुब्याचं हाड मोडलं होतं. दुपारपासून जो बर्फ लागला तो तीन दिवस थांबला नाही. हेल्वी घरी परत आलीच नाही. फुप्फुसं बिघडली आणि सतराव्या दिवशी ती गेली.

दुःख तर होतंच, पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती त्याने कुणालाच सांगितली नाही. त्याला तिचा राग येत होता. पायऱ्यांशेजारी तिची रिकामी बादली पडलेली त्याने पाहिली होती. गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेची खडीची पिवळी पेटी असते, लागेल त्याने न्यावी. म्हणजे ही बाई दारापुरती खडी आणायला निघाली आणि पहिल्याच पायरीवर घसरली. दीड तास, फक्त दीड तास कळ काढली असती तर? बस म्हटलं होतं ना घरात! रिकाम्या घरात कॉफी ओतताना तो दोन पेले काढायचा, मग एक परत ठेवायचा, आणि पुन्हा तोच राग उफाळून यायचा.

एप्रिलमध्ये बर्फ थरावर थर उतरवत वितळला आणि हिवाळाभराची खडी उघडी पडली. ती झाडून काढायची, नाहीतर धुळीने लोकांचे घसे धरतात. शनिवारी सकाळी आर्मास पाव आणायला निघाला आणि दाराबाहेरच थबकला.

पदपथावरची खडी गाडीने टाकलेली नव्हती. गाडी सारखी पसरत जाते. ही मुठीमुठीने पडली होती, एका मुठीच्या कडेवर दुसरी मूठ. हेल्वी पडली त्या दिवशी त्याच्या गल्लीत गाडी आलीच नव्हती, आणि नंतर नुसता नांगर वरवर फिरत राहिला. तो खाली बघत चालत गेला, पार पिवळ्या पेटीपर्यंत, आणि तसाच परत आला. प्रत्येक दारापुढे खडी दाट होती. फक्त नऊ नंबरच्या, त्याच्या स्वतःच्या पायऱ्या कोऱ्या होत्या.

"काय रे, काय हरवलं?" आठ नंबरच्या दारातून लेम्पीने विचारलं. ऐंशीची म्हातारी, हातात काठी.

"ही खडी कुणी टाकली?"

"कुणी म्हणजे? हेल्वीनं. तीच टाकायची की दरवेळी! पेटीपासून सुरुवात करायची आणि एकेक दार करत घराकडे यायची. माझ्या दारात दोन मुठी जास्त, या काठीपायी." लेम्पी त्याच्याकडे बघतच राहिली. "तुला ठाऊक नव्हतं? आम्हाला वाटायचं, तूच सांगितलंयस तिला. तुझी गाडी शेवटी येते ना, म्हणून."

आर्मासने मागे वळून पेटीकडे पाहिलं. "त्या दिवशी... ती पेटीकडे निघाली होती ना?"

"छे रे. परत येत होती. मी खिडकीतच होते. माझ्या दारात बादली उलटी करून झटकली तिनं, मला हात केला आणि पुढे गेली. तिच्या दारापुरती उरलीच नाही बघ."

आर्मास तिथेच, लेम्पीच्या फाटकाला धरून उभा राहिला. तीन महिने तो जिच्यावर चिडला होता ती त्याचाच नियम पाळत होती, त्याच्यापेक्षा चोख, आणि तेही तोंडातून अवाक्षर न काढता. तो रडला. लेम्पीने त्याला रडू दिलं.

सोमवारी सकाळी त्याने खात्याच्या फळ्यावरची झाडायच्या रस्त्यांची यादी पुसली आणि पहिल्या ओळीत आपली गल्ली लिहिली.

"मुकादम, आज सूर्य कुठून उगवला?" ताइमी हसत म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं.

"पहिली घे," तो म्हणाला. "मी येतोच आहे बरोबर."

आठ वाजता झाडणारी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. ब्रश फिरायला लागायच्या आधी आर्मासने हात वर केला. स्वतःच्या घरासाठी नगरपालिकेची गाडी थांबवायची त्याची ही पहिलीच वेळ. तो घरातून हेल्वीची बादली घेऊन आला, लेम्पीच्या दारापुढे उकिडवा बसला आणि पदपथावरची खडी हाताने गोळा करू लागला. ताइमीने इंजिन बंद केलं आणि खाली उतरली.

बादली अर्धी झाल्यावर तो आपल्या पायऱ्यांपाशी गेला. तीनच पायऱ्या, उन्हाने कोरड्या ठणठणीत. वरच्या पायरीवर त्याने एक मूठ टाकली, मग मधल्या, मग खालच्या, नीट कडेपर्यंत पसरत.

"आर्मास," ताइमी हळूच म्हणाली, "बर्फ कुठाय आता?"

"एवढ्याच राहिल्या होत्या तिच्या," तो म्हणाला आणि बादली उलटी करून झटकली.