आनंदाबाईंची स्कूटी

आनंदाबाई पहाटे पाचला पिपरी मेघेहून पायी निघायच्या आणि सहाच्या आत सिंदी मेघेतल्या विद्यार्थ्यांच्या मेसवर पोचायच्या. तिघी बायका मिळून चारशे पोळ्या. कणकेचा पहिला उंडा हातात घेतला की साडेनऊपर्यंत मान वर नाही. तिथून एका डॉक्टरांच्या घरी स्वयंपाक, मग चालत घर, चार घास, आणि संध्याकाळी पुन्हा मेस. ऑटो मिळायचा, पण रोजचे साठ रुपये ऑटोवाल्याला दिले तर घरी न्यायचं काय?

एके दिवशी मेसवर इला नावाची मुलगी आली. वर्ध्यातल्या एका ट्रस्टमध्ये ती नोकरी करायची. तिनं पोळ्या लाटणाऱ्या बायकांना योजना सांगितली: दोन वर्षं महिन्याला पाचशे रुपये बँकेत टाका, शेवटी ट्रस्ट तेवढेच पैसे वरून देईल. मात्र तीन हप्ते चुकले की नाव कटलं.

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. आनंदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं.

"पोरी, आमी पाचशे टाकाचे, तुमी पाचशे टाकाचे. मंग याच्यात तुमचा काय फायदा?"

"मावशी, आम्हाला देणगी देणारे म्हणतात, नुसतं वाटत सुटू नका. जो स्वतः टाकतो त्याच्या बाजूला टाका." इला म्हणाली. "आणि पैसे आमच्या हातात द्यायचेच नाहीत. खातं तुमच्या नावावर. तुमचे पैसे तुम्ही कधीही काढा. आमचे हवे असतील तर मात्र दोन वर्षं थांबावं लागेल."

हे उत्तर आनंदाबाईंना पटलं. घरी नवऱ्याला, किसनरावांना, पटलं नाही. ते हार्डवेअरच्या दुकानात सिमेंटच्या गोण्या उचलायचे. अंगात ताकद होती, पण एकदा ठेच लागलेला माणूस.

"फुकटात कोनी कोनाले देत नसते," ते म्हणाले. "मांगं म्या भरले होते न तीन हजार त्या दुप्पटवाल्या कंपनीत? मंग शटरच उघडलं नाई तिचं."

"थे कंपनी होती. हे बँक हाय."

"तुह्यी मर्जी."

आनंदाबाईंनी ऑगस्टपासून हप्ते सुरू केले. दिवाळी गेली, संक्रांत गेली, एकही महिना चुकला नाही. मग उन्हाळा आला. परीक्षा संपल्या, पोरं गावी गेली, मेसला कुलूप लागलं. मे महिन्याचा हप्ता गेला नाही. जूनचाही नाही. जुलैत मेस उघडली, पण पगार महिना संपल्यावर, आणि हप्त्याची मुदत पंचवीस तारखेपर्यंत. डाळीचा डबा रिकामा झाला होता.

"काढून घेतो मी पैशे," आनंदाबाई जेवताना म्हणाल्या. "आपलेच तं हायेत. राशन भरू."

जेवण झाल्यावर किसनरावांनी फळीवरचं पासबुक काढलं, चष्मा लावला आणि दाराशी उजेडात जाऊन बसले. एकेक पान उलटून बघितलं. मग पुन्हा पहिल्या पानावर आले.

"आनंदा, हे फक्त तुह्या एकटीच्या नावानं हाय?"

"मंग कोनाच्या?"

ते त्या नावाकडे बघत राहिले. घराच्या टॅक्सची पावती त्यांच्या वडिलांच्या नावाची, विजेचं बिल त्यांचं स्वतःचं, आनंदाबाईंच्या मोबाईलचं सिमकार्डसुद्धा मुलीच्या नावावर. पंचवीस वर्षांच्या संसारात आनंदाबाईंचं नाव असं ठळक छापलेलं त्यांनी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ते सिमेंटनं पांढरे झालेले हात पाठीमागे धरून बँकेच्या रांगेत उभे राहिले. शेठकडून त्यांनी आठवड्याची मजुरी आधी मागून घेतली होती. संध्याकाळी पासबुक आनंदाबाईंच्या पुढ्यात ठेवत म्हणाले, "तिन्ही हप्ते भरून आलो. आता काढू नको. अर्धी वाट चालून झाली. अन् डब्यात भराले दाय उधार देते म्हने आपला किराणेवाला."

पुढच्या वर्षी मात्र आनंदाबाई शहाण्या झाल्या. मार्चमध्येच त्यांनी मेसवरून आल्यावर शेवया करून विकल्या आणि मे-जूनचे पैसे वेगळे काढून ठेवले.

त्याच सुमारास डॉक्टरांच्या शेजारच्या यशोदा मॅडमनी त्यांना विचारलं. मॅडम आणि त्यांचे यजमान दोघंही शाळेत शिक्षक.

"आनंदाबाई, आमच्याकडे येता का? साडेदहाच्या आत दोन डबे झाले पाहिजेत. अडीच हजार देईन."

आनंदाबाईंना हो म्हणायचं होतं. पण मेसवरून निघून चालत पोचेपर्यंतच सव्वादहा व्हायचे. त्या घरी येईपर्यंत पायांकडे बघत आल्या. रोज तीन तास हे पाय नुसतेच चालतात, त्याचे कोणी काही देत नाही, हे त्यांच्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

मुलगी काजल मेडिकल स्टोअरमध्ये कामाला होती. तिच्या मैत्रिणीकडे स्कूटी होती. रविवारी सकाळी मायलेकी शाळेच्या मैदानावर जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी आनंदाबाई दोन्ही पाय जमिनीवर घासतच गोल फिरल्या.

"माय, पाय वर घे नं!"

"घेतो वो, पडली तं तुले भाकर कोन देईन?"

तिसऱ्या रविवारी पाय वर आले. नंतर एकदा त्या मैदानाच्या कुंपणाला जाऊन भिडल्याही, कोपर सोललं, पण लुगड्याचा काठ फाटला याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. पावसाळ्यात परवाना मिळाला. फोटोत त्या फार रागावलेल्या दिसत होत्या.

दोन वर्षं पूर्ण झाली. त्यांचे बारा हजार आणि ट्रस्टचे बारा हजार. फॉर्मवर 'स्कूटी' लिहिताना इलाचं पेन थांबलं.

"मावशी, ट्रस्टचे पैसे ज्यासाठी मिळतात त्या यादीत तीनच गोष्टी आहेत. शिक्षण, घराची दुरुस्ती किंवा धंद्याचं साधन. स्कूटी बसत नाही. तुम्हाला समितीपुढे यावं लागेल."

समितीत पाच जण होते. अध्यक्ष अच्युत सर, निवृत्त मुख्याध्यापक. ते नियमाला पक्के, पण ऐकून घेणारे. आनंदाबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या. किसनराव दाराशी उभे राहिले.

"वाहन आम्ही यादीत ठेवलं नाही," अच्युत सर म्हणाले. "लोक चैनीसाठी घेतात, मग पेट्रोल परवडत नाही, असा अनुभव आहे."

"सर, तुमी इथे कशानं आले?"

"मोटारसायकलनं."

"मंग तुमी काय चैन कराले आले?"

इलानं मान खाली घालून हसू दाबलं. अच्युत सरांना मात्र उघडच हसू आलं. आनंदाबाई गंभीर होत्या.

"मी दिवसाचे तीन तास चालतो, सर. थ्या तीन तासात मले एक घर अजून होते. यशोदा मॅडम अडीच हजार देऊन राह्यल्या. पेट्रोल सातशेचं लागन. सुताराले रंधा देता तुमी, शिलाईवालीले मशीन देता. माह्या धंद्यात लाटनं तं मालकाचंच असते. माह्यं साधन म्हनजे माह्यं पोचनं. टायमावर पोचली तं काम हाय, नाई तं नाई." त्यांनी परवाना टेबलावर ठेवला. "अन् नसन जमत, तं माह्ये बारा हजार मी बँकेतून काढून घेतो. तुमचे तुमी ठेवा. माह्या मनात काई राग नाई."

अच्युत सरांनी परवाना उचलून बघितला, मग बाकीच्यांकडे बघितलं. तिघांनी होकारार्थी मान हलवली, चौथ्यानं पेट्रोलचा आकडा पुन्हा विचारला आणि तोही तयार झाला. सरांनी यादीचा कागद पुढे ओढला आणि तीन ओळींखाली चौथी लिहिली: कामावर जाण्याचं साधन. पुढच्या महिन्यात त्याच ओळीवर प्रेमदास नावाच्या रखवालदारानं सायकल घेतली, असं इलानं नंतर सांगितलं.

स्कूटी जुनीच मिळाली, राखाडी रंगाची, चोवीस हजारांत. पहिल्या सकाळी किसनराव मुद्दाम लवकर उठले. "मेसपर्यंत येतो मी मांगं बसून," म्हणाले. सगळा रस्ता ते एका हातानं सीट आणि दुसऱ्या हातानं आनंदाबाईंचा पदर धरून होते.

"हळू! गाय हाय समोर!"

"दिसते मले. तुमी डोळे उघडे ठेवा फक्त."

मेसच्या फाटकाशी ते उतरले, पाय झाडले, आणि दुकानाकडे चालत निघाले. चार पावलं गेल्यावर मागे वळून त्यांनी हात वर केला.

आता आनंदाबाई दहाच्या आधी यशोदा मॅडमच्या ओट्याशी असतात. डॉक्टरांचं काम आटोपून एकच्या सुमारास घरी येतात. गरम भाकर करून सावकाश बसून जेवतात, सोबत कांदा आणि ठेचा. मग पंखा लावून अर्धा तास जमिनीला पाठ टेकतात. इतक्या वर्षांत दुपार म्हणजे त्यांना रस्त्यावरचं ऊन तेवढं ठाऊक होतं. घरात दुपारी किती शांत असतं, हे त्यांनी काजलला नवल वाटून दोनदा सांगितलं.